गुर्जर घेतल्यावर मेंढ्या कापायच्या की मिलमध्ये ठेवायच्या?

रानपाखरू:
एज ऑफ एम्पायर्स 2 या राज्य उभारून लढायच्या कॉम्प्युटर गेमचं 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हे एक्स्पान्शन (जोड-भाग) नुकतंच घेतलं. इतकी वर्षं जुने इंडियन्स खेळलोय, त्यामुळे आता हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली, द्रविड असे चार वेगळे पर्याय समोर आल्यावर गोंधळायला होतंय. गुर्जर आवडले, पण ते मेंढ्या मिलमध्ये (अन्न जमा करायच्या इमारतीत) ठेवून अन्न मिळवण्याचं प्रकरण जमत नाहीये. सगळ्या ठेवल्या तर सुरुवातीला व्हिलेजर (कामकरी) बनवायला अन्न पुरत नाही. कापल्या तर मग या सिव्हचा (खेळातल्या संस्कृतीचा) फायदा काय राहिला? अरेबिया या मोकळ्या नकाशावर खेळतो.

दगडीबुरूज:
आधी बेरीच्या झुडपांकडे बघा, मेंढ्यांचं नंतर. गुर्जरांना दोन झुडपं जास्त मिळतात. एका झुडपात 125 अन्न, म्हणजे इतरांना 750 तर तुम्हाला 1000. ते जास्तीचं 250 म्हणजे अडीच मेंढ्या झाल्या. हे अन्न हाताशी आहे म्हणूनच मेंढ्या राखून ठेवणं परवडतं.

सुरुवातीला 200 लाकूड असतं. दोन घरांचे 50 आणि मिलचे 100 गेले की 50 उरतात आणि लंबर कॅम्पला (लाकूड जमा करायच्या इमारतीला) 100 लागतात. म्हणून मिल लगेच बेरीला लावा आणि पुढचे दोन-तीन व्हिलेजर थेट लाकडावर पाठवा. टाउन सेंटरजवळच्या (मुख्य इमारतीजवळच्या) मेंढ्यांपैकी दोन मी कापतोच, कारण व्हिलेजरची रांग तुटली तर मिलमधून थेंबथेंब येणारं अन्न ते नुकसान भरून काढत नाही. रानडुकरं येईपर्यंत त्या दोन पुरतात. बाकी स्काउटला (टेहळणीच्या घोडेस्वाराला) सापडतील तशा मिलच्या आत घालायच्या. कापलेली मेंढी सडत जाते, आतली तशीच राहते आणि अडचणीच्या वेळी बाहेर काढून खाताही येते.

मला हे एक्स्पान्शन मनापासून आवडतं ते यासाठीच. गुर्जरांना नाइट (जड घोडेस्वार) नाहीत, पण त्याच्या बदल्यात नुसता दुसरा घोडेस्वार देऊन मोकळे झालेले नाहीत. पहिल्या मिनिटापासून गुरं राखायची, मग त्या अन्नावर उंट आणि श्रीवंश रायडर उभे करायचे. श्रीवंश हा घोडेस्वार काही बाण अंगावर न घेताच चुकवतो, ही बाण चुकवायची ढाल संपली की जरा मागे घ्यायचा, ती भरली की पुन्हा आत. आर्चरवाल्या प्रतिस्पर्ध्यासमोर हे खेळताना जी मजा येते ती मला जुन्या इंडियन्समध्ये कधीच आली नव्हती.

सांजवारा:
मिलमधून अन्न येण्याचा दर पॅचमध्ये (खेळाच्या अपडेटमध्ये) कमी केलाय, हेही लक्षात घ्या. 2022 मधले व्हिडिओ बघून सगळ्या मेंढ्या आत टाकू नका. शिवाय बेरी बहुतेक वेळा टाउन सेंटरपासून लांब असते. फ्युडलमध्ये (खेळाच्या दुसऱ्या टप्प्यात) समोरच्याने मिल पाडली तर जनावरं बाहेर पडतात आणि त्याचा स्काउट ती हाकून नेतो.

दगडीबुरूज:
बरोबर. म्हणून शेती सुरू करताना दुसरी मिल मागच्या बाजूला बांधायची आणि जनावरं तिकडे हलवायची. तेवढ्यासाठी 100 लाकूड गेलं तरी मला चालतं.

रानपाखरू:
धन्यवाद, दोन कापून बाकी ठेवायचा हिशोब पटला. आणखी एक, इमारती फोडणारा रॅम कुठे गेला? सीज वर्कशॉपमध्ये (वेढ्याची यंत्रं बनतात तिथे) हत्तीच दिसतोय.

सांजवारा:
या चारही सिव्हना रॅमऐवजी चिलखती हत्ती आहे. इमारती चांगल्या पाडतो, पण त्याला भालेवाल्यांपासून आणि मंकपासून (धर्मगुरूपासून) जपा. त्याच्यासोबत काही ना काही पाठवाच, एकटा सोडू नका.

कृष्णाकाठ:
थोडं विषयांतर. मोहिमा बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या आहेत, छानच आहेत. पण देवगिरीचे यादव कुठेच नाहीत याची मला खरंच रुखरुख लागते. 1296 ची अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी या खेळाच्या काळात चपखल बसते.

दगडीबुरूज:
खेळातल्या सिनेरिओ एडिटरमध्ये (स्वतःची मोहीम बनवायच्या साधनात) करता येईल, आणि करायलाच हवं. स्वारीच्या वेळी यादवांचं मोठं सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर होतं. तेव्हा खेळाडूला मोजकी शिबंदी घेऊन किल्ला धरायला लावायचा आणि मोठी फौज ठरावीक वेळाने नकाशाच्या कडेवरून आणायची. यादवांसाठी मी द्रविड वापरेन, अलाउद्दीनला हिंदुस्तानी. तुम्ही दौलताबाद, म्हणजे देवगिरीचा किल्ला, पाहिला असेल तर खंदक आणि कड्याचा नकाशा तुम्ही काढा, ट्रिगर (कधी काय घडायचं याचे नियम) मी लिहितो.