मकबऱ्याची जाळी आणि कागजीपुऱ्याचा कागद

कागदशिल्पासाठी इंटरनेटवरचे तेच ते नमुने पाहून कंटाळा आल्याचे एका कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहिले आहे. त्या छत्रपती संभाजीनगरातच शिकत असल्याने त्यांनी वही घेऊन निवांत बीबी का मकबऱ्यात जाऊन बसावे, असे मी सुचवेन. कबरीभोवतीच्या अष्टकोनी संगमरवरी जाळीत इतक्या पोकळ्या कोरूनही दगड कुठेच सुटा पडत नाही, आणि कागद कापतानाची खरी अडचण नेमकी हीच असते: कोणता सांधा राखायचा हे आधी ठरवले नाही, तर अर्धी नक्षी कटरबरोबर गळून पडते. म्हणून वहीत नक्षीच्या रेषा न उतरवता केवळ पोकळ्या काळ्या करून पाहाव्यात. (मथुरेची सांझी, म्हणजे कागद कापून नक्षीचे साचे करण्याची कलाही याच तत्त्वावर चालते.)

कागदाबाबत मात्र मी थोडा आग्रही आहे. यंत्रावरच्या कागदातील तंतूंना एक दिशा असते आणि तिला आडवी घडी घातली की जाड कागद कडेला तडकतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातील हातकागदात ती दिशा फारशी नसल्यामुळे वक्र घडीही सारखी बसते. बारीक जाळीसाठी तो खरखरीत पडतो, तिथे साधी कार्डशीटच बरी.