घाणेरी तोडायची की ठेवायची?

रानवेडा: काल एका ताईंनी टेकडीवरच्या घाणेरीचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "ही फुलपाखरांची माय, तोडणाऱ्यांचे हात धजावतात कसे?" रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, माय पोरांना वाढवते. नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, आपलं राज्य फुलपाखरू आहे ते! बाकीच्यांना कुणाला रुई लागते, कुणाला पानफुटी. घाणेरी नुसता मध पाजते आणि बदल्यात गवत, करवंद, हेंकळ सगळं गिळते. अमेरिका खंडातलं हे झुडूप इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणलं. बागेतून रानात बुलबुलांनी नेलं.

पाकोळी: ती पोस्ट माझीच. दहा वर्षं दर रविवारी टेकडीवर जातेय, पुस्तकातून बोलत नाही. मार्चमध्ये सगळं करपलेलं असतं तेव्हा ओढ्याकाठची टणटणीच, म्हणजे ही घाणेरीच, फुललेली असते. पिवळं फूल ताजं, त्यात मध. गुलाबी झालं की संपलं. फुलपाखरं नेमकी पिवळ्यावरच बसतात, तासन्‌तास बघितलंय. मागच्या वर्षी ठेकेदाराने यंत्र घातलं तेव्हा बुलबुलाचं घरटं पिल्लांसकट चिरडलं. त्या पिल्लांचं काय?

खिल्लारी: ताई, पिल्लांचं वाईट वाटलंच. आमच्या गाईचंही ऐका. दुष्काळात चारा नव्हता, नवी घेतलेली गाय बांधावरची घाणेरी खाऊन आली. डोळे पिवळे, उन्हात गेली की नाकाभोवतीची कातडी सोलून निघायची. कावीळ म्हणाले डॉक्टर. आठव्या दिवशी गेली. ती फुलं दिसली की आजही आई तोंड फिरवते.

टेकडीकर: सगळे घाणेरीवर तुटून पडलात, उंदीरमारीबद्दल, म्हणजे गिरिपुष्पाबद्दल कोण बोलणार? पुण्याच्या टेकड्यांवर घाणेरीच्या शेजारी गिरिपुष्पाची रानंच्या रानं उभी आहेत. तेही मेक्सिकोकडचंच. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं म्हणून लोक सेल्फी काढतात. शेंगा तडकून बी उडतं, खाली आपलं एक रोप टिकत नाही. आपणच रांगेने लावलं हे!

निवृत्त वनरक्षक: लावणाऱ्यांतला एक मी. तेव्हा त्या टेकड्या उघड्याबोडक्या होत्या. मुरूम, पाणी नाही, शेळ्या सुटलेल्या. वड-पिंपळाची रोपं लावली, वाळली. गिरिपुष्प जगलं, जमिनीत नत्र धरलं, सावली आली. आज त्या सावलीत फिरायला येणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

टेकडीकर: वड-पिंपळ कशाला? ते माळरान होतं, काका! गवत, तोरण-बोराटीची झुडपं हीच तिथली संपत्ती. तुम्ही "उघडं" म्हणून तिच्यावर जंगल लादलंत.

निवृत्त वनरक्षक: लादलं? उन्हात खड्डे खणलेत आम्ही. तुम्ही एक तरी खणलाय का?

टेकडीकर: सात वर्षं खणतोय. आणि तुमच्या उंदीरमारीची मुळं आधी काढावी लागतात, त्यात अर्धा पावसाळा जातो.

भंडारेकर: दोघंही थांबा, विषय घाणेरीचा होता. आमच्याकडे तिला रायमुनिया म्हणतात. वाघ तिच्या जाळीत आडोशाला बसतो, म्हणून पर्यटकांनाही ती आवडते. पण जाळी माजली की खाली चितळाला गवत उरत नाही. चितळ नसेल तिथे वाघ कशाला थांबेल?

रानवेडा: तेच म्हणतोय. आणि वरवर छाटून फायदा नाही, बुडख्यातून दुप्पट फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटं ठेवायचं. यंत्र नको, हे पाकोळीताईंचं मला मान्य. विणीच्या हंगामात तोडणं चूकच. ते मी आधी लिहायला हवं होतं.

पाकोळी: एवढं मान्य केलंत, बरं झालं. पण माझा प्रश्न तिथेच आहे. मार्चमध्ये मध कुठला?

टेकडीकर: धायटी. त्याच दिवसांत लाल फुलते, शिंजीर पक्षी सोडत नाहीत तिला. करवंदही तेव्हाच फुलतं, आणि त्याची काटेरी जाळी बुलबुलाला घरट्यालाही चालते.

पाकोळी: मग आधी धायटी लावा, ती फुललेली मला दिसू दे. तोवर ओढ्याकाठच्या जाळीला हात लावायचा नाही. वरच्या उतारावरची काढायला मी येईन, मनापासून नाही, पण येईन. ठेकेदाराचं यंत्र दिसलं तर तिथूनच परत फिरेन.

निवृत्त वनरक्षक: धायटीची रोपं माझ्याकडे आहेत. टेकडीकरांना हवी असतील तर त्यांनी स्वतः येऊन न्यावीत.

खिल्लारी: कुदळी मी आणतो. फक्त उपटलेली झुडपं गुरांच्या वाटेवर टाकू नका, सुकलेल्या पानांतही विष राहतं.