मेळाव्यात काय मांडायचं: ऐंशीचा बटवा की बाराशेचं दुपटं?

(चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

दोनसुती

दिवाळी सरली की जिल्ह्याची प्रदर्शनं, तालुक्याचे महोत्सव आणि यात्रा सुरू होतात, आणि प्रत्येक बचत गटात तोच वाद: शिवलेलं काय न्यायचं? माझं मत असं, की टेबलावर तीनच प्रकार असावेत आणि तिन्ही शंभराच्या आत. ज्याच्या एका नगाला मशीनवर 15 मिनिटांहून जास्त लागतात तो प्रकार कितीही देखणा असला तरी घरी राहावा.

तासाची मजुरी 60 रुपये धरा. म्हणजे मिनिटाला रुपया, हिशोब तोंडी होतो. अस्तर लावलेला नाडीचा बटवा 24 च्या घाण्यात शिवला तर नगाला 12 मिनिटं पडतात. वरचं कापड मीटरला 100, अस्तर 60, वर नाडी-दोरा, म्हणजे साहित्य 18. मजुरीसकट 30. तो 80 ला जातो, 50 सुटतात. चेनच्या पाउचला 28 मिनिटं जातात, साहित्यही 28 होतं, आणि गिऱ्हाईक त्याचे 80 च देतं, कारण चार पावलांवर कारखान्यातला तसाच पाउच 50 ला लटकत असतो. शिकाऊ हात तर चेनीचं टोक फुगवतो, नाहीतर अस्तर इतकं जवळ शिवतो की रनर त्यात अडकतो. तो नग गेलाच.

बटवा बेतताना एक खड्डा आहे. 44 इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) 7 बाय 9 चे तुकडे कागदावर रांगेत सहा बसतात, मीटरभरात चार रांगा, एकूण 24. प्रत्यक्षात कापड धुतलं की आटतं, दोन्हीकडचे काठ सोडावे लागतात, हाती 42 ला जरा कमीच उरतं आणि रांगेत पाचच निघतात. मीटरमागे दोन बटवे बुडाले. तुकडा पावणेसात इंच करा, सहा बसतात, आणि बटवा हातात घेऊन कोणाला पाव इंच कळत नाही.

नेफा वरून दोन इंचांवर, पाऊण इंच रुंद. बाजूच्या शिवणीत नाडीसाठी फट सोडतो तिच्या दोन्ही टोकांना मशीन मागेपुढे मारून टाका पक्का करा. बटवा उसवतो तो इथूनच, कारण प्रत्येक वेळी नाडी ओढली की ताण त्याच दोन टाक्यांवर येतो. नाड्या दोन, 18-18 इंचांच्या, समोरासमोरून ओवलेल्या. अस्तर पाव इंच आखूड कापा, नाहीतर तोंडातून डोकावतं.

धावदोरा

हिशोब छान, पण अर्धा. स्टॉलचं भाडं, गाडी, पाच दिवसांचं जेवण मिळून 5,000 धरा. 50 सुटणारे 100 बटवे विकले की भाडं निघालं. पण स्टॉलवर दोघीजणी बसणार त्यांचे दिवस? तुमच्याच दराने आठ तासांचे 480, दोघींचे पाच दिवसांचे 4,800. म्हणजे आणखी 96 बटवे. एकूण 196 विकल्यावर शून्य, आणि फायदा त्यानंतर. पाच दिवसांत, रोज 40 बटवे? तेही तीनच प्रकार मांडलेल्या टेबलावर?

म्हणून उलट करा. बाळाचं दुपटं, 36 बाय 36, मऊ मलमलीचे तीन थर, हाताने धावदोरा घातलेलं. साहित्य 250, किंमत 1,200. दहा-अकरा गेली की सगळा खर्च वसूल. हाताचा टाका कारखान्यात होत नाही, तिथे स्पर्धाच नाही.

कातरण

धावदोरा, ताई, दुसऱ्याची विसरलेली मजुरी दाखवताना स्वतःची विसरलात. 1,200 वजा 250 म्हणजे 950 सुटले, त्यात शिवणारीचा एकही तास नाही.

36 इंचांच्या दुपट्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर 72 ओळी होतात. प्रत्येक 36 इंच. म्हणजे एका दुपट्यात जवळपास 66 मीटर धावदोरा. चांगला हात तासाला 6 मीटर घालतो असं धरलं तरी 11 तास, 660 रुपये. उरले 290. तुमचे 5,000 आणि 4,800 मिळून 9,800 भरून काढायला 34 दुपटी लागतील, म्हणजे 374 तासांचं हातकाम, तेही कापूस वेचणीच्या हंगामात, जेव्हा बाया सकाळी सातलाच वावरात असतात.

ओळी एक इंचावर घ्या. 33 मीटर, साडेपाच तास, 620 सुटतात, 16 नगांत बरोबरी. थर कापडाचेच असतील तर एक इंच चालतो. आत पिंजलेली रुई भरली की चालत नाही, धुतल्यावर ती गोळा होते आणि दुपटं गाठीगाठींचं होतं. आधी चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला आणि ओळी मधून कडेकडे न्या. एका कडेने सुरू केलं तर खालचा थर सरकत जातो आणि शेवटच्या कोपऱ्यात सगळी चुणी जमते. तो कोपरा गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहतं.

वशिंड

अरे बाप्पा, तुम्ही सगळे भावावरच भांडून राहिले. समोरून माणूस कोणता चालून राहिला, हे काऊन कोणी विचारत नाही? मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये, बचत गटांच्या प्रदर्शनात, 1,200 चं दुपटं जाईन. बहिरमच्या यात्रेत त्यालेच लोक हात लावून पाहतीन, चांगलं हाय म्हणतीन अन् पुढे जातीन. वस्तू आधी ठरवून मग जत्रा शोधणं हेच उलटं हाय.

आता गुरुकुंज मोझरी पाहा. आश्विनात तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी राहते, गावोगावची भजनी मंडळं येतात, अन् हातात खंजिरी. तिच्यासाठी मापाचं कव्हर कोणी विकते का? तेच शिवा. आठ इंची खंजिरीले शिवून 9 इंच व्यासाचा गोल लागते, म्हणजे अर्धा-अर्धा इंच शिलाई धरून 10 इंच कापायचा. कडेची पट्टी 3 इंच रुंद. अन् चूक इथंच होते: पट्टीची लांबी कापलेल्या 10 इंची गोलाच्या घेरावरून काढतात, ती येते साडेएकतीस. शिलाई तर आतल्या 9 इंचांवर बसते! त्याचा घेर सव्वाअठ्ठावीस, वर एक इंच जोड, म्हणजे सव्वाएकोणतीस. दोन इंच जास्तीची पट्टी घेऊन बसलं की गोल चुरगळते अन् मग मशीनले दोष देतात. गोलाच्या कडेले चार ठिकाणी खुणा, पट्टीलेही चार, जुळवून टाचण्या लावा, मगच शिवा.

चेन 14 इंच, निम्म्या घेराची. कमी ठेवली तर कडक खंजिरी तोंडातून जातच नाही. आतून मांजरपाटच लावा. झांजांच्या कडा पातळ अस्तर फाडतात. वेळ 35 मिनिटं, साहित्य 55, भाव 180, सुटतात 90. दोनसुतीच्या नियमात हे बसत नाही, पण शेजारच्या स्टॉलवर 50 ले लटकलेलं बी नसते.

तसंच दीक्षाभूमीचं. दसऱ्याले लोक तिथून पुस्तकं घेऊन परततात. त्याईले मणी लावलेला बटवा काय कामाचा? 14 बाय 16 ची जाड पिशवी पाहिजे, अन् धरायचा बंद नुसता वरच्या दुमडीत खुपसलेला नको. दीड इंच खाली उतरवून चौकोन मारा, त्यात फुली मारा. दहा किलो गहू भरून रात्रभर खुंटीले टांगा. सकाळी बंदाजवळचं कापड ताणलेलं दिसलं तर तिथं आतून ठिगळ देऊनच माल बाहेर काढा.

अन् पोराईचा तान्हा पोळा सोडून द्यायचा का? लाकडी बैलाची झूल, कातरणीतून होते, साहित्य जवळपास फुकट.

बॉबिन

खंजिरी आणि पिशवी मान्य. झुलीला मात्र विरोध. पोळा श्रावण अमावास्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवसापासून झुलीला वर्षभर गिऱ्हाईक नाही. उरलेल्या मखमलीवर घडीची रेघ पडते, जरीचा काठ काळवंडतो. शिवाय ऐन पावसाळ्यात माल तयार करायचा: कापड वाळत नाही, दमट ठेवलं तर पांढरे ठिपके धरतं.

त्यात लाकडी बैलाला एक माप नाही. वीतभराचाही असतो आणि पोराच्या कमरेएवढाही. वशिंडाच्या मागे बसायला पुढून अर्धगोल खाच लागते. ती खोल झाली तर झूल मागे घसरते, उथळ झाली तर मानेवर उभी राहते. शिवायचीच असेल तर तीन मापं, पोटाखाली 6-6 इंचांच्या बांधायच्या नाड्या म्हणजे थोडं कमीजास्त सांभाळलं जातं, आणि कातरण संपली की थांबा. झुलीसाठी नवं कापड विकत घेऊ नका, एवढंच.

आणखी एक गोष्ट कोणी काढली नाही. कापडी बाहुली, कापडी बैल, खुळखुळा शिवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण चिंध्या त्यातच मुरतात. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, 2020 हा 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह लागतं. हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला सूट आहे. नोंदणी नसेल तर बाहुली मांडू नका. तसंही बटणाचे डोळे तोंडात जातात.

काठापदर

वस्तूवर इतका खल, कापडावर एक ओळ. निम्मी वस्तू कापडच ठरवतं.

मीठ घातलेल्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, हे सगळीकडे सांगितलं जातं. होत नाही. रंगाऱ्याच्या भांड्यात मिठाचं काम असतं, रंगवून झालेल्या कापडावर नाही. नुसत्या पाण्यात रात्रभर भिजवा, आटायचं ते आटेल. मग ओल्या तुकड्यावर पांढरा रुमाल ठेवून कडक इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड पांढऱ्या अस्तरासोबत वापरायचं नाही, दुपट्याला तर मुळीच नाही. लाल आणि गडद निळा हमखास तपासा.

मांजरपाटाला खळ असते. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात पिशवी दोन बोटं आखूड होते आणि बंद लांब दिसायला लागतात.

आणि "खादी" हा शब्द जपून लिहा. सेवाग्राम पाहून आलेल्या माणसाला तो ओढतो हे खरं. पण 2013 च्या खादी मार्क नियमांनुसार खादी ग्रामोद्योग आयोगाचं प्रमाणपत्र नसेल तर माल खादी म्हणून विकता येत नाही. सुती असेल तर सुती लिहा. बिलासकट प्रमाणित खादीचं कापड घेऊन शिवलं, तरी पिशवीच्या चिठ्ठीवर ते चिन्ह आपोआप येत नाही.

धावदोरा

कातरणचा हिशोब मान्य, मजुरी धरायची राहिली. पण त्यातून बटवाच श्रेष्ठ असं सिद्ध होत नाही, 196 चा आकडा अजून तसाच उभा आहे. मधली वाट सुचवते: चंची. पानसुपारीची जुनी चंची, आता चार्जरची वायर, कानातले, सुईदोरा ठेवायला. 7 इंच रुंद, 28 इंच लांब अस्तराची पट्टी, आठ-आठ इंचांच्या घड्यांचे तीन कप्पे, उरलेले चार इंच झाकण, कडेने उरेब (तिरप्या कापलेल्या) पट्टीचा गोट आणि गुंडाळून बांधायला नाडी. 30 मिनिटं, साहित्य 30, किंमत 220. तिथे 160 सुटतात.

अडचण एकच, घड्यांच्या जागी कडेला कापडाचे थर चढतात आणि 14 नंबरची सुई मोडते. 18 घाला, त्या जागी पायडलवरून पाय काढून चाक हाताने फिरवा. अस्तर रुबियासारखं पातळ घेतलं तर जाडी निम्म्यावर येते. आणि स्टॉलवर ती गुंडाळून ठेवू नका. बंद चंची म्हणजे चिंधीची सुरळी दिसते. एक उघडून, कप्प्यांत वायर आणि कानातले घालून टांगा.

दोनसुती

चंचीला हरकत नाही, चेन नाही म्हणून. 15 मिनिटांचा नियम थोडा सैल करतो: जी वस्तू त्या मैदानावर दुसऱ्या कोणाकडे नाही, तिला 35 मिनिटांपर्यंत सूट. पहिल्या खेपेला 80 बटवे, 25 चंच्या, आणि तिसरा प्रकार जत्रा पाहून. दुपटी तीनच, नमुन्याला, ऑर्डर घेण्यापुरती. निम्मे पैसे आगाऊ.

196 चं उत्तर साधं आहे. पाच दिवसांच्या प्रदर्शनाला दोघींनी पाचही दिवस बसायचं कशाला? सकाळी एक, गर्दीच्या वेळी दुसरी. मोकळ्या वेळात तिथेच नाड्या ओवायच्या. नाडी ओवणं घरी केलं तर दोन मिनिटं मजुरीत धरावी लागतात.

चेनीवर मात्र ठाम आहे.

वशिंड

मग खंजिरीच्या कव्हरले काय बटनं लावता का?

दोनसुती

नाडी. 10 बाय 12 ची चपटी पिशवी, वर नेफा. 14 मिनिटांत होते.

वशिंड

होते न. अन् मोझरीवरून घरापर्यंत एसटीत सगळ्याईले झांजा ऐकू येतात. गोल कव्हरात खंजिरी दाबून बसते, म्हणून तर त्या वाजत नाहीत. चपट्या थैलीत ती आडवी-उभी हलते अन् झांजेची खीळ ढिली पडते. तुमची नाडीवाली 90 ले मांडा, चेनवाली 180 ले, दोन्ही एकाच टेबलावर. भजनी माणूस आधी कोणती हलवून पाहते ते मोजा.