मदत हवी आहे: सांगलीतल्या जुन्या वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस

गावभागातला आमचा वाडा संस्थानकाळातला. २०१९ च्या पुरात मातीच्या भिंती भिजल्या, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची (पडायला आलेल्या बांधकामांबाबतची) नोटीस आलीय. वाचलं तेव्हा कळलं, हा कायदा मूळचा १९४९ चा, पण सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली १९९८ मध्ये. त्याआधी नगरपालिका, म्हणजे नगरपालिकांसाठीचा १९६५ चा कायदा. साताऱ्यात अजून नगरपालिकाच आहे, म्हणून तिथे आजही तोच चालतो!

माझा प्रश्न त्याच्याही मागचा आहे. १९४८ मध्ये सांगली संस्थानाचं भारतात विलीनीकरण होण्यापूर्वी पडक्या घरांबाबत संस्थानचे स्वतःचे नियम होते का? जुनं दप्तर कुठे बघायला मिळेल?

आणि हो, घाईचं म्हणजे वाड्यात दोन जुने भाडेकरू आहेत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पाडकामानंतर त्यांच्या हक्काचं काय होतं? अनुभवी वकील मंडळींनी कृपया सांगावं. नोटिशीचा फोटो मेसेजमध्ये पाठवतो.