मदत हवी आहे : आईच्या लहान आतड्यात गाठ, आधी बायोप्सी की टीबीची औषधं?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, समजून घ्या. आई ६१ वर्षांची, आम्ही सांगलीकडचे. आठ महिने झाले हिमोग्लोबिन टिकतच नाहीये, रक्त चढवलं की ९ आणि दीड महिन्यात परत ६. शी काळी व्हायची पण लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, आम्हीपण नाही. तोंडातून दुर्बीण नॉर्मल, खालून कोलोनोस्कोपी नॉर्मल.

मग एका डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं की वरची दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीलाच थांबते, खालची त्याच्या शेवटच्या टोकाशी, मधलं कित्येक मीटर आतडं कुणी बघितलेलंच नाही!! आधी सीटी एन्टरोग्राफी (लहान आतड्याचा सीटी स्कॅन) केली, आतडं कुठं अरुंद असलं तर कॅप्सूल अडकते म्हणून. मग कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळवली. आई दिवसभर कमरेच्या रेकॉर्डरचा लुकलुकता दिवा बघत विचारत होती, "आता कुठवर पोचली असंल गं?"

जेजुनममध्ये (लहान आतड्याचा मधला भाग) गाठ दिसलीय, वर व्रण, रक्त झिरपतंय. आता एक डॉक्टर म्हणतात आतड्याचा टीबी असेल, औषधं चालू करू. दुसरे म्हणतात कॅन्सर, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), जिस्ट (आतड्याच्या भिंतीत होणारी गाठ) काहीही असू शकतं, कॅप्सूल नुसते फोटो काढते, तुकडा घेत नाही, त्यामुळे डबल बलून एन्टरोस्कोपी (दोन फुग्यांच्या लांब दुर्बिणीनं लहान आतडं बघून तुकडा घेणं) करा. मला हेच पटतंय, टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, तेवढ्यात गाठ वाढली तर? कुणाच्या घरी झालीय का ही तपासणी? भूल देतात का? आणि कॅप्सूल अजून पडलेली दिसली नाही, आज सहावा दिवस.

प्रतिसाद : ताई, माझ्या सासऱ्यांची झालीय. पूर्ण भूल दिली, दीडेक तास लागला. जेजुनम म्हणजे तोंडातूनच जातील. फुगे आलटूनपालटून फुगवत आतडं नळीवर गोळा करत आणतात, नाडीवर लेंगा चुणतो ना तसं. जागेवर शाईची खूण करायला आठवणीनं सांगा, पुढं ऑपरेशन लागलं तर सर्जनला गाठ पटकन सापडते. जिस्ट अस्तराखाली असतो, वरवरच्या तुकड्यात येईलच असं नाही, तेव्हा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निवांत बसू नका. कॅप्सूल बाहेर आल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय अजिबात नको, पोटाचा एक्सरे काढून घ्या. पोट फुगलं, उलट्या झाल्या तर रात्र असली तरी निघा.

धागाकर्ती : खूप आभार दादा. पोट दुखत नाहीये, जेवतेय. उद्या सकाळी एक्सरे काढतो, शाईचं वहीत लिहून ठेवलंय.