४० केव्हीचा प्रोब, दोन मीटर, दोन आकडे: खरं कोणाचं धरायचं?

मकरपुरा_बेंच

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचं रिपेअरिंगचं छोटं वर्कशॉप आहे. सध्या टेबलावर एक डीसी सप्लाय आलाय: ० ते ३० केव्ही, जास्तीत जास्त २ मिलिअँप. आउटपुट निगेटिव्ह आहे, पॉझिटिव्ह टोक बॉडीला म्हणजे अर्थला जोडलेलं. आत १० नॅनोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर. मोजायला ४० केव्हीचा १०००:१ प्रोब, म्हणजे व्होल्टेज हजारपट कमी करून मीटरला देणारा, घेतलाय, त्याच्या अंगावर १००० मेगओम छापलेलं आहे.

८ केव्हीला हातातल्या मल्टिमीटरवर −८.० व्होल्ट येतात. तोच प्रोब साडेसहा डिजिटच्या बेंच मीटरला लावला की −८.८९. सप्लायवरचा काट्याचा मीटर ८ च्या आसपास. पण आउटपुट १५ केव्हीला नेला की दोन्ही मीटर जुळतात, ३० लाही जुळतात. मग खालीच फरक का? बेंच मीटर महागाचा, म्हणून त्याचंच खरं धरावं असं वाटतंय.

शिवाय तीन प्रश्न. प्रोबची अर्थची क्लिप नेमकी कुठे लावायची? सप्लाय बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा कसा करायचा? आणि आवारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या ११ केव्ही बाजूला याच प्रोबने व्होल्टेज बघता येईल का? प्रोब ४० चा, लाइन ११ ची, म्हणजे चालायला हवं ना?

लाइनक्लिअर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचं सवडीने वाचा. नाही. ११ केव्हीच्या लाइनला हा प्रोब कधीही लावायचा नाही.

४० हा आकडा प्रोबच्या आतल्या रेझिस्टरला किती व्होल्ट सोसतात एवढंच सांगतो. समोरच्या सर्किटमध्ये किती ताकद आहे ते त्यात येत नाही. तुमच्या सप्लायमधून फार तर २ मिलिअँप आणि कपॅसिटरमधली थोडी ऊर्जा बाहेर येईल. ११ केव्हीच्या बसवर (मुख्य वाहक पट्टीवर) बिघाड झाला तर हजारो अँपिअर वाहतात, आणि प्रोबच्या अंगावरून एकदा ठिणगी धावली की तिचा आर्क होतो. प्रोब हातभर लांबीचा, म्हणजे तो आर्क तुमच्या हातात.

दुसरं म्हणजे त्या लाइनवर नेहमी ११ च असतात असं नाही. फेज ते अर्थ ६.३५ केव्ही हे साधं गणित झालं. पण वीज पडली किंवा ब्रेकर चालला की क्षणभर कितीतरी जास्त येतात. म्हणूनच ११ केव्हीच्या उपकरणाला ७५ केव्हीच्या इम्पल्सची टेस्ट पास करावी लागते. ४० चा प्रोब तिथे काय टिकणार? असल्या प्रोबच्या कागदावर साधारणपणे स्पष्ट लिहिलेलं असतं की वीजवितरणाच्या लाइनवर वापरू नये. मल्टिमीटरवरचं कॅट थ्री, कॅट फोर (लाइनवरच्या झटक्यांपासूनच्या सुरक्षेचे वर्ग) बहुतेक मीटरमध्ये १००० व्होल्टला संपतं, त्याच्या पुढे ते मीटर थेट लावायचं नसतं.

११ केव्ही मोजायचे असतील तर मीटरिंग पॅनेलमध्ये पीटी (मोजणीसाठी व्होल्टेज कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) असतो, ११०००/११० चा. त्याच्या सेकंडरीला कॅट थ्री ६०० व्होल्टचा मल्टिमीटर लावा, आलेल्या आकड्याला १०० ने गुणा, झालं. पीटीची सेकंडरी शॉर्ट करायची नाही आणि सीटीची (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरची) उघडी सोडायची नाही, एवढं पॅनेल उघडण्याआधी डोक्यात पक्कं हवं. मीटरिंगचा पीटी एमजीव्हीसीएलच्या (आपल्या वीज कंपनीच्या) सीलखाली असेल तर त्याला हातच लावू नका, आपल्या बाजूच्या पॅनेलमधला शोधा. आणि नुसती लाइन जिवंत आहे की बंद एवढंच बघायचं असेल तर इन्सुलेटेड काठीवरचा एचटी (हाय टेन्शन) डिटेक्टर वापरा, तोही लाइन क्लिअर म्हणजे लाइनवर कामाची रीतसर परवानगी घेऊन, अधिकृत माणसाकडूनच.

रेशो_हजार

मीटरच्या भांडणाबद्दल. महागाच्या मीटरचं ऐकू नका. हातातला बरोबर आहे.

या प्रोबमध्ये वरचा रेझिस्टर साधारण १००० मेगओमचा आणि खालचा १.११ मेगओमचा असतो. खालचा मुद्दाम १ चा ठेवत नाहीत, कारण मीटरचे स्वतःचे १० मेगओम त्याला समांतर येतात आणि दोघांचे मिळून बरोबर १ होतात. म्हणजे तुमचा मीटर हा डिव्हायडरचाच (व्होल्टेज वाटून कमी करणाऱ्या रेझिस्टरांच्या जोडीचाच) एक भाग आहे. मीटर १० मेगओमचा नसेल तर १०००:१ हे गुणोत्तरच राहत नाही.

बऱ्याच साडेसहा डिजिटच्या मीटरमध्ये १० व्होल्टच्या रेंजपर्यंत इनपुट १० गिगाओमच्या वर ठेवण्याची सोय असते, मेनूत ऑटो किंवा हाय-झेड नावाने. तो मीटर समांतर काहीच भार टाकत नाही, खालचा रेझिस्टर पूर्ण १.११ राहतो आणि रीडिंग ११ टक्के जास्त येतं. ८ ला ८.८९, हिशेब तंतोतंत जुळतोय. १०० व्होल्टच्या रेंजमध्ये मात्र तोच मीटर निमूटपणे १० मेगओमवर येतो, म्हणून १५ ला आणि ३० ला दोघं जुळतात.

खात्री करायची तर आउटपुट ९ केव्हीपासून हळूहळू वाढवा. रीडिंग १२ व्होल्टच्या जवळ जाईल आणि रेंज बदलताच एकदम १०.८ वर उतरेल. (ही मर्यादा १० व्होल्टची रेंज २० टक्के जास्त दाखवते त्या मीटरची, तुमचा थोडा वेगळा असू शकतो.) अशी उडी दिसली तर निदान पक्कं. मेनूत इनपुट १० मेगओमवर फिक्स करा आणि रेंजही हाताने लावा, ऑटो नको.

उलटी बाजूही बघा. १ मेगओम इनपुटचा ऑसिलोस्कोप लावला तर ३० केव्हीला १५.८ व्होल्टच दिसतील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मल्टिमीटरची लो-झेड सेटिंग. तिचा इनपुट साधारण ३ किलोओम असतो. प्रोबमधून ३० मायक्रोअँप येतात, ३० केव्हीला मीटर ०.०९ व्होल्ट दाखवतो, आणि बघणाऱ्याला वाटतं सप्लाय बंद आहे. चूक इथे नुसत्या आकड्याची राहत नाही, पुढे माणूस त्या टर्मिनलला हात घालतो.

शंटवाला

आता जोडणी. मूळ नियम असा की व्होल्टेज चालू असताना प्रोब हातात धरायचाच नाही. त्याला टोक आणि मूठ दिलेली असते म्हणून धरावासा वाटतो. टेबलावर इन्सुलेटेड स्टँड करा, प्रोब त्यात बसवा, बंद सप्लायला जोडा आणि मागे सरा.

सप्लाय बंद करा, प्लग काढा, कपॅसिटर रिकामा करा (कसा ते खाली). मग प्लगच्या अर्थ पिनपासून सप्लायच्या बॉडीपर्यंत ओहम मोजा, १ ओहमच्या आत हवा. त्यानंतर प्रोबची अर्थ क्लिप. ती रिटर्न टर्मिनलच्या बोल्टवर, उघड्या धातूवर लावा, रंगावर किंवा स्क्रूच्या डोक्यावर नको. तुमच्याकडे पॉझिटिव्ह टोक बॉडीला आहे, म्हणजे क्लिप त्याच टोकाला. रीडिंग मायनस येईल, त्याने काही बिघडत नाही. क्लिप सगळ्यात आधी लागते आणि सगळ्यात शेवटी निघते.

ती क्लिप निघाली तर काय होतं ते समजून घ्या. खालच्या रेझिस्टरला परतीचा रस्ता उरत नाही. मीटरची दोन्ही टोकं मिळून ३० केव्हीकडे चढतात, दोघांमध्ये फरक नाही, म्हणून पडद्यावर जवळपास शून्य! बेंच मीटर असेल तर त्याच्या लो टोकाचं चॅसीपर्यंतचं इन्सुलेशन काहीशे व्होल्टचंच असतं, ते फुटतं. या कामाला बॅटरीवरचा हातातला मीटरच बरा, आणि त्यातून कॉम्प्युटरला जाणारी यूएसबी वायर लटकत असता कामा नये. क्लिपवर भरवसा नसेल तर रिंग लग लावून बोल्टखाली कसा, तेच चांगलं.

मग प्रोबचं टोक एचव्ही (हाय व्होल्टेज) टर्मिनलला हुकने अडकवा. आजूबाजूला धातूचं काही ३० सेंटीमीटरच्या आत नको. टोकदार भागांमध्ये ३० केव्हीला ३ सेंटीमीटर हवाही पुरेल याचा नेम नाही. आउटपुटचा नॉब शून्यावर आहे हे बघून सप्लाय चालू करा, आधी १ केव्ही, मीटरवर १ व्होल्ट आला का ते बघा, मग वर जा. शून्य व्होल्ट आला तर वाढवत जायचं नाही. बंद करून जोडणी बघायची.

रिकामा करणं. १० नॅनोफॅरड ३० केव्हीला म्हणजे ४.५ जूल. आयईसी ६१०१०-१ या मोजणीच्या उपकरणांच्या सुरक्षा मानकात १५ केव्हीच्या वर साठलेल्या ऊर्जेची धोक्याची रेषा ०.३५ जूल धरली आहे, तुम्ही तिच्या बारापट वर आहात. स्क्रूड्रायव्हर टेकवून शॉर्ट करू नका. आवाज होतो, धातू उडतो आणि करंटच्या झटक्याने आतले डायोडही जातात. डिस्चार्ज काठी करा: फायबरग्लासची नळी, टोकाला हुक, आत १ मेगओमचा एचव्ही रेझिस्टर, मागे मल्टिस्ट्रँड अर्थ वायर. रेझिस्टर ४० केव्हीचा म्हणून विकला जाणाराच घ्या. साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरची मर्यादा २५० व्होल्टच्या आसपास असते, ३० केव्हीला ठिणगी त्याच्या अंगावरूनच जाईल. १ मेगओम आणि १० नॅनोफॅरडचा टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदभर टेकवलं तरी पुष्कळ. त्यानंतर रेझिस्टर नसलेला थेट शॉर्टिंग हुक लावून तसाच ठेवा, काम संपेपर्यंत. कपॅसिटरमध्ये सोडून दिल्यावर व्होल्टेज आपोआप थोडं परत येतं. ३० केव्हीवरून आलेला असेल तर ते ‘थोडं’ म्हणजे शेकडो व्होल्ट असू शकतं. आत मल्टिप्लायर (टप्प्याटप्प्याने व्होल्टेज वाढवणारं डायोड-कपॅसिटरचं सर्किट) असेल तर प्रत्येक टप्प्याच्या कपॅसिटरला वेगळी काठी लावा, आउटपुट रिकामं झालं म्हणून सगळं रिकामं असं समजू नका.

काठी लावेपर्यंत प्रोब जोडलेलाच राहू द्या, आकडा उतरताना दिसतो. सप्लायमधला ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) तुटला असेल तर १००० मेगओममधून ३० केव्ही ५० व्होल्टपर्यंत यायला मिनिटभराच्या वर लागतो. सप्लाय बंद करून आकडा इतक्या सावकाश उतरताना दिसला तर ब्लीडर गेला, तो आधी बदला.

रबरमॅट

शंटवाल्यांशी सहमत, फक्त एक भर. टेबलापुढे आयएस १५६५२ या भारतीय मानकाची इन्सुलेटिंग मॅट टाका, सी क्लास म्हणजे ३३ केव्हीपर्यंतची. ए क्लास ३.३ ला आणि बी क्लास ११ ला थांबतो. दुकानात नुसतं ‘इलेक्ट्रिकल मॅट’ म्हणून मागितली तर मिळेल त्या क्लासची हातात येते, म्हणून मॅटवरचा छाप वाचून घ्या. हातमोजे क्लास ४ चे.

शंटवाला

मॅट जरूर टाका. मोज्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. क्लास ४ चे मोजे जाड असतात, त्यात क्लिप नीट लागत नाही, आणि मोजे आहेत म्हणून माणूस चालू सप्लायमध्ये हात घालतो. बंद करून जोडायची पद्धत पाळली तर मोज्यांची वेळच येत नाही. काठी हाताळताना घाला, माझी ना नाही.

मकरपुरा_बेंच

बेंच मीटर १० मेगओमवर फिक्स केला. ८ केव्हीला −८.०१. ११ केव्हीचा विचार सोडला. काठीचं सामान मागवतोय.

आता दोन शंका. पावसाळ्यात प्रोबवर कितपत भरवसा ठेवायचा? आणि पुढचं काम पावडर कोटिंगच्या गनचं आहे, आउटपुट १०० केव्ही, १०० मायक्रोअँप. सेटिंग कमी करून या प्रोबने चालेल?

रेशो_हजार

गनला हा प्रोब नको. सेटिंग कमी केलं तरी कंट्रोलमध्येच बिघाड असेल तर पूर्ण १०० बाहेर येतील आणि प्रोब फुटेल. आणि तो टिकला असं धरलं तरी आकडा खोटा. १००० मेगओमला १०० केव्हीला १०० मायक्रोअँप लागतात, गनचा सगळा करंट एकटा प्रोबच पिऊन टाकणार, आउटपुट खाली बसणार. गनसाठी तिच्या कंपनीचा केव्ही टेस्टर घ्या. हाच हिशेब कुठल्याही अशक्त सोर्सला करून बघा: आत १०० मेगओमचा रेझिस्टर असलेल्या आयोनायझरवर हा प्रोब ९ टक्के कमी दाखवेल. तुमच्या ३० केव्हीच्या सप्लायला ३० मायक्रोअँप म्हणजे २ मिलिअँपमधले दीड टक्के, तिथे काळजी नाही.

शंटवाला

पावसाळ्याचं. प्रोबच्या अंगावर धूळ आणि ओल जमली की पृष्ठभागावरून गळती होते, ती वरच्या रेझिस्टरला समांतर येते आणि रीडिंग जास्त दिसतं. ५० गिगाओमची गळती असली तरी २ टक्के वाढ. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन टोकापासून मुठीपर्यंत पुसा, पूर्ण वाळू द्या. तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ दुप्पट बसते. ठेवताना बंद डब्यात सिलिका जेलबरोबर.

तपासायची सोपी युक्ती: ५ केव्हीचा इन्सुलेशन टेस्टर घ्या. तो प्रोबच्या टोकाला आणि अर्थ क्लिपला लावा, प्रोबला मीटर जोडलेला ठेवा. मीटरवर ५ व्होल्टच्या आसपास आणि टेस्टरवर १ गिगाओमच्या आसपास यायला हवं. मीटर जास्त आणि टेस्टर १ गिगाओमच्या खाली असेल तर गळती. मीटर कमी आणि टेस्टर बराच वर असेल तर वरचा रेझिस्टर सरकलाय. टेस्टरचा स्वतःचा आकडा चार-पाच टक्के इकडेतिकडे असतो, म्हणून याला कॅलिब्रेशन समजू नका. ही फक्त ‘आज वापरू का’ एवढ्यापुरती परीक्षा. टेस्टर बंद झाल्यावर त्याचं स्वतःचं डिस्चार्ज पूर्ण होऊ द्या, मगच क्लिप काढा.

खऱ्या कॅलिब्रेशनला तुमच्या दारातच एर्डा ही विजेच्या चाचण्यांची संस्था आहे. देण्याआधी त्यांच्या एनएबीएल स्कोपमध्ये (प्रयोगशाळेला मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत) ३० केव्ही डीसी येतं का ते विचारून घ्या. आणि प्रोब एकटा पाठवू नका, ज्या मीटरबरोबर वापरता तो मीटरही द्या. सर्टिफिकेट जोडीचं घ्या, त्यावर मीटरचा सीरियल नंबर यायला हवा.