आईसाठी संमोहन उपचार करावेत का?

उमरग्याची_लेक:
माझी आई किल्लारीजवळच्या गावातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात घर पडलं तेव्हा ती 19 वर्षांची होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपलेले. दगड-मातीच्या भिंतीखाली ती आणि धाकटा मामा अडकले. त्याचा हात तिच्या हातात होता. तिला बाहेर काढलं, तो गेला.

आजही ती स्लॅबखाली झोपत नाही. मागच्या पत्र्याच्या खोलीत झोपते, दाराला कडी लावू देत नाही, उशाशी बॅटरी. पावणेचारला जाग येतेच. रस्त्यावरून ट्रक गेला, मांडणीतली भांडी वाजली की ती अंगणात पळते.

इथले एक संमोहनतज्ज्ञ म्हणतात, "पाच बैठकांत दबलेल्या आठवणी वर काढू." न्यावं का?

मनोमनी:
ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, संमोहन वापरतेही. पण असं बोलणाऱ्याकडे आईंना नेऊ नका. संमोहनात माणूस झोपत नाही. लक्ष एका जागी एकवटतं आणि सूचना पटकन मनात उतरतात. म्हणून अंग सैल व्हायला, झोप लागायला त्याची मदत होते. आणि म्हणूनच न घडलेलंही घडल्यासारखं आठवू लागण्याचा धोका असतो. आईंना तर सगळं लख्ख आठवतंय, उकरायचं काय?

अशा आघातावर सीबीटीची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचाराची) खास पद्धत आणि ईएमडीआर (आठवण मनात ठेवून डोळे डावी-उजवीकडे हलवायचा उपचार) यांना जास्त भक्कम आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये त्यांचीच शिफारस केली. संमोहन जोडीला चालेल. उपचार करणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, हे आधी विचारा.

घाटातला_प्रवासी:
आमची बस घाटात उलटली होती. माझ्यावर उपचार करणाऱ्या मॅडमनी पहिले दीड महिना अपघाताचं नावच काढलं नाही. डोळे मिटून फक्त आजोळच्या विहिरीच्या काठावर बसायचं: रहाटाचा आवाज, ओल्या दगडाचा गारवा, अंगठा तर्जनीवर दाबलेला. हे जमायला लागल्यावर मग ती बस मनातल्या टीव्हीवर लांबून बघायची, रिमोट माझ्या हातात. छाती धडधडली की बंद करून विहिरीवर परत. अजून घाटात खिडकीशी बसत नाही, पण बसने जातो.

उमरग्याची_लेक:
काल आईलाच विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याचा हात आठवतो तेवढा राहू दे. तो कुणी काढून घेऊ नये. मला फक्त सकाळपर्यंत झोप पाहिजे."

मनोमनी:
पहिल्या दिवशी हेच वाक्य सांगा, आईंच्याच तोंडून. तो हात कुणी काढून घेणार नाही. जवळ कुणी मिळेना तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं. आणि पत्र्याच्या खोलीतून त्यांना इतक्यात हलवू नका.